बनरॅटी: किल्ला पंधराव्या शतकाचा, गाव एकोणिसाव्याचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: जूनमध्ये आयर्लंडची सुट्टी, सोबत सत्तरीतले आईवडील आणि दहा वर्षांची मुलगी. काउंटी क्लेअरमधला बनरॅटीचा जीर्णोद्धार केलेला किल्ला आणि त्याला लागून असलेलं जुन्या काळचं गाव बघायचं मनात आहे. पण ओळखीच्यांपैकी कुणी सांगितलं की ते सगळं पर्यटकांसाठी उभारलेलं आहे, अस्सल असं काही नाही. तेव्हा जावं का, किती वेळ ठेवावा, आणि संध्याकाळची मध्ययुगीन मेजवानी घ्यावी का?

जावं, आणि पूर्ण दिवस ठेवून जावं. जुन्या दगडी इमारतींचं जतन हे माझं काम आहे. त्यामुळे ‘अस्सल की बनावट’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि बनरॅटीपुरतं त्याचं उत्तर एका शब्दात देणं अन्यायाचं होईल. तिथे एकाच तिकिटावर तीन निरनिराळ्या गोष्टी बघायला मिळतात. किल्ल्याच्या भिंती साधारण १४२५ च्या आहेत आणि त्याच जागेवरच्या आहेत. आतलं सामान त्या काळाच्या आसपासचं, खरोखरीचं जुनं आहे, पण ते दुसरीकडून गोळा करून आणलेलं आहे. आणि खालचं गाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं आयुष्य दाखवतं, म्हणजे किल्ला बांधला गेला त्यानंतर तब्बल साडेचारशे वर्षांनंतरचं. बहुतेक पर्यटक हे तिन्ही एकत्र कालवतात आणि ‘जुन्या काळी लोक असे राहायचे’ असं म्हणत बाहेर पडतात. माझ्या मते तिथली फसगत होते ती एवढीच, आणि ती टाळणं आपल्या हातात असतं.

आधी किल्ल्याबद्दल. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर, लांबलचक तट आणि बुरुज येतात. बनरॅटी तसा नाही. तो टॉवर हाउस या प्रकारातला आहे, म्हणजे सरदाराचं तटबंद, उभं घर. मधे एक मोठा चौकोनी गाभा, चार कोपऱ्यांना चार मनोरे, आणि मनोऱ्यांच्या जोडीला जोडणारी उंच रुंद कमान. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत आयर्लंडभर अशी घरं मोठ्या संख्येने बांधली गेली. बनरॅटी त्यांतल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. जागा बघितलीत की ती का निवडली हे लगेच कळतं: रॅटी नावाची छोटी नदी इथे शॅननच्या खाडीला मिळते, आणि खाडीतून लिमरिक शहराकडे जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर इथून नजर राहते.

त्यामुळेच ही जागा कुणी सुखाने नांदू दिली नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉमस डी क्लेअर या नॉर्मन सरदाराने इथे दगडी किल्ला बांधला. १३१८ मध्ये डायसर्ट ओडेच्या लढाईत त्याचा मुलगा रिचर्ड मारला गेला आणि किल्ला व भोवतीची वस्ती जाळली गेली. पुन्हा बांधणी, पुन्हा विध्वंस. आज उभी असलेली वास्तू मॅकनामारा या गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश, घराण्याने १४२५ च्या सुमारास बांधली, आणि पुढे ती ओब्रायन घराण्याकडे गेली. हेच पुढे थोमंडचे अर्ल झाले. १६४६ च्या वेढ्याच्या वेळी पोपचा प्रतिनिधी रिनुचिनी इथे होता. इटलीतसुद्धा अशी जागा नाही, असं त्याने तळी, उपवन आणि तीन हजार हरणांचा उल्लेख करत लिहून ठेवलं आहे. त्याच वेढ्यात किल्ल्याच्या बाजूने लढणाऱ्यांत ॲडमिरल पेन होता. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया ज्याने वसवलं, त्या विल्यम पेनचा हा बाप.

पुढची गोष्ट जतनाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. अठराव्या शतकात किल्ला स्टडर्ट कुटुंबाकडे आला. १८०४ मध्ये ते जवळच टेकडीवर नव्या, सुटसुटीत, उबदार घरात राहायला गेले. तेच बनरॅटी हाउस, आणि तेही तुम्हाला याच फेरीत बघता येतं. माणसं निघून गेली की इमारतीचं आयुष्य छपरावर अवलंबून राहतं. मधे काही काळ पोलिसांचं ठाणं होतं, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रेट हॉलचं, म्हणजे मुख्य दालनाचं, छप्पर कोसळलं. छप्पर गेलं की पाऊस भिंतींच्या माथ्यावरून आत उतरतो, चुना धुऊन निघतो आणि भिंतीच्या पोटातली भर सैल होते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याचा पाऊस अशा उघड्या भिंतींवर दया करत नाही. १९५४ मध्ये लॉर्ड गॉर्ट यांनी हा किल्ला विकत घेतला तेव्हा तो याच वाटेवर होता.

गॉर्ट, मध्ययुगीन वस्तूंचे जाणकार संग्राहक जॉन हंट, आणि सरकारच्या सार्वजनिक बांधकाम कार्यालयाचे वास्तुविशारद पर्सी ल क्लर्क यांनी मिळून जीर्णोद्धार केला आणि १९६० मध्ये किल्ला लोकांसाठी खुला झाला. आता ‘हे नव्याने केलंय’ असं कुणी म्हटलं तर मी विचारेन, कशाच्या आधारावर केलंय? ग्रेट हॉलमध्ये उभं राहून मान वर करा. ते लाकडी छप्पर विसाव्या शतकातलं आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते मनाने रचलेलं नाही. डब्लिनजवळच्या डन्सॉक्ली किल्ल्यात पंधराव्या शतकातलं ओक लाकडाचं मूळ छप्पर टिकून राहिलं होतं, आयर्लंडमधलं फार दुर्मीळ उदाहरण. त्याच्या कैच्यांचा, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी चौकटींचा, नमुना बनरॅटीसाठी वापरला गेला. त्याच देशातला, त्याच शतकातला, त्याच प्रकारच्या इमारतीतला हयात पुरावा हातात असेल, तर जीर्णोद्धार करणाऱ्याला याहून भक्कम आधार क्वचितच मिळतो.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. जतनाच्या क्षेत्रात आज आम्ही ज्या नियमांना बांधलेले असतो ते १९६४ च्या व्हेनिस सनदेत लिहिले गेले: अंदाज जिथे सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवीन भर घातलीच तर ती नवी म्हणून ओळखू आली पाहिजे. बनरॅटीचं काम त्याआधीचं आहे. त्यामुळे नवं आणि जुनं यांच्यातली सीमारेषा तिथे मुद्दाम दाखवलेली नाही, ती आपणच शोधायची. खिडक्यांच्या दगडी चौकटी बघा: कडा धारदार, हत्याराच्या खुणा ताज्या असतील तर दगड बदललेला असण्याची शक्यता जास्त. कडा बोथट, पृष्ठभाग खवल्यासारखा सुटलेला असेल तर तो बहुधा जुना. दगडांमधल्या दरजांमध्ये काय भरलंय ते बघा. चॅपेलच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, छतावर गिलाव्यातलं जुनं नक्षीकाम आहे, तिथे नक्की थांबा. दहा वर्षांच्या मुलीला हा शोधाचा खेळ लावून दिलात तर ती तुमच्यापेक्षा जास्त खुणा शोधेल. लहान मुलांची नजर भिंतीच्या खालच्या भागावर असते, आणि तिथल्या दुरुस्त्या मोठ्यांच्या नजरेतून सुटतात.

सामानाबद्दलही असंच. पेटारे, कपाटं, भिंतीवरचे विणलेले पडदे, टेबलं, यांतलं पुष्कळसं पंधराव्या ते सतराव्या शतकांमधलं आहे, पण ते गॉर्ट आणि हंट यांनी जमवलेलं, युरोपच्या निरनिराळ्या भागांतून आलेलं. मॅकनामारांच्या घरात नेमकं हेच कपाट होतं असं समजू नका. तशा घरात अशा प्रकारचं, या दर्जाचं सामान असायचं, इतकाच त्याचा दावा आहे, आणि तेवढा पुरेसा आहे. गंमत म्हणजे सगळ्यात जुनी वस्तू माणसाने केलेलीच नाही. भिंतीवर अवाढव्य शिंगं टांगलेली दिसतील. ती आयर्लंडमधून दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या महाकाय हरणाची आहेत. अशी शिंगं तिथल्या दलदलीत सापडतात.

किल्ल्यात वाटाड्या भेटला तर त्याच्याबरोबर जरूर फिरा, पण गोल जिन्याची कथा जरा बेतानेच घ्या. जिना उजवीकडे वळत चढतो तो वरच्या बचाव करणाऱ्याला तलवार फिरवता यावी आणि खालच्याला येऊ नये म्हणून, असं युरोपभर प्रत्येक किल्ल्यात सांगतात. ज्यांनी हे किल्ले बांधले त्यांच्या काळातला एकही लेख असं म्हणत नाही. ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापून आली आणि मग पसरली. डावीकडे वळणारे जिनेही भरपूर आहेत. गोल जिना जाड भिंतीत कमी जागेत बसतो, हे त्यामागचं साधं कारण. प्रवेशदारावरचं खाली वार करायचं भोक मात्र खरोखर संरक्षणासाठीच होतं, त्याबद्दल शंका घेऊ नका.

आता गावाकडे वळते, कारण मला खरं तर त्याबद्दलच बोलायचं आहे. आणि गाव इथे का आहे, हे कळायला शेजारच्या विमानतळाकडे बघावं लागतं. शॅनन विमानतळ बनरॅटीपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या विमानांना इंधनासाठी इथे उतरावंच लागायचं. जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान १९४७ मध्ये इथेच सुरू झालं, ब्रेंडन ओरेगन यांच्या पुढाकाराने. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जेट विमानं आली आणि ती न थांबता थेट पुढे जाऊ लागतील ही भीती खरी होती. लोकांनी उतरावं, राहावं, यासाठी परिसरात काहीतरी हवं होतं. नुकताच उभा राहिलेला किल्ला हाताशी होता. १९६३ पासूनची किल्ल्यातली मेजवानी आणि पायथ्याचं गाव, दोन्ही या गरजेतून आलं. गावातलं पहिलं घरसुद्धा विमानतळानेच दिलं: धावपट्टीच्या वाटेत एक जुनं शेतघर येत होतं, ते पाडून टाकण्याऐवजी उतरवून इथे आणून उभं केलं.

म्हणजे ‘पर्यटकांसाठी उभारलेलं’ हे तुम्हाला सांगितलेलं खरंच आहे. पण तेवढ्यावरून ते खोटं ठरत नाही. उघड्या जागेवर जुनी घरं आणून लोकांना दाखवायची ही कल्पना स्टॉकहोममध्ये आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्कान्सेन उघडून रुजवली, तीही घरं वेगाने नाहीशी होत असताना. बनरॅटीत तीसपेक्षा जास्त इमारती आहेत. काही मूळच्या जागेवरून हलवून आणलेल्या, उदाहरणार्थ टिपररीतलं आर्डक्रोनीचं चर्च, किंवा डब्लिनजवळच्या रॅथफार्नमहून आणलेलं हेझलब्रुक हाउस, ज्या ह्यूज बंधूंच्या घरातून पुढे एचबी आइस्क्रीमचा धंदा उभा राहिला. काही घरं मात्र त्या त्या भागातल्या नमुन्यावरून नव्याने बांधलेली आहेत. प्रत्येक घराशी ‘हे आणलेलं की बांधलेलं?’ असं तिथल्या माणसांना विचारा. त्यांना हा प्रश्न आवडतो आणि ते मोकळेपणाने सांगतात.

घरं बघायची कशी? बहुतेक लोक दारातून डोकावतात, ‘किती गोड’ म्हणतात, फोटो काढतात आणि पुढच्या घराकडे जातात. असं केलंत तर चौथ्या घरापाशी सगळी सारखीच वाटू लागतील. त्याऐवजी प्रत्येक घरात चार गोष्टी ताडून बघा: जमीन कशाची आहे, चूल कुठे आहे, झोपायची जागा कुठे आहे, आणि जनावरं कुठे बांधली आहेत. या चार गोष्टींवरून त्या घराची ऐपत अचूक वाचता येते.

लूप हेडचं घर घ्या. क्लेअरचं ते टोक थेट अटलांटिकात घुसलेलं आहे. तिथल्या घराचं शाकारलेलं छप्पर दोरांनी आवळून बांधलेलं दिसेल. ती सजावट नाही. दोर नसतील तर एका वादळात छप्पर उडून जाईल. क्लेअरच्याच मोहर भागातल्या शेतघरात जमिनीवर मोठमोठ्या दगडी लाद्या आहेत, कारण त्या भागात दगड सहज थराथराने निघतो. मातीची जमीन टाळायला तिथे श्रीमंत असावं लागत नाही, योग्य गावात जन्मावं लागतं. पश्चिमेकडच्या मेयो काउंटीतलं गोठाघर बघा: एकाच लांब खोलीत वरच्या अंगाला माणसं आणि खालच्या अंगाला गाई, मधे फक्त जमिनीतली एक मोरी. आजच्या माणसाला हे बघून शिसारी येते, आणि मुलं नाक धरतात. त्यांना सांगा की हिवाळ्यात त्या गाईंच्या अंगाची ऊब हाच घराचा दुसरा शेगडा होता, आणि गाय थंडीने गेली तर घरच गेलं.

गोल्डन व्हेलचं शेतघर याच्या अगदी उलट. लिमरिक-टिपररीकडची ती सुपीक कुरणं, दुधाची जमीन. एकोणिसाव्या शतकात कॉर्कच्या बाजारातून लोणी जगभर जात होतं, आणि त्या लोण्याचा पैसा या घराच्या प्रशस्त खोल्यांमध्ये, बैठकीच्या दालनात, भांड्यांनी भरलेल्या कपाटात दिसतो.

आणि मग बोहान स्कोर. एका खोलीची झोपडी, भूमिहीन मजुराची. जमीनदाराकडे किंवा मोठ्या शेतकऱ्याकडे राबायचं, आणि त्या कामाच्या दिवसांतून झोपडीचं आणि बटाट्याच्या वाफ्याचं भाडं वळतं करायचं. हे घर लोक सर्वांत कमी वेळ बघतात, कारण आत बघायला काही नाही. मी म्हणते तिथेच सर्वांत जास्त थांबा. १८४१ च्या आयरिश जनगणनेने घरांचे चार वर्ग पाडले होते. त्यातला शेवटचा, चौथा वर्ग म्हणजे एका खोलीची मातीची घरं. देशात अशी सुमारे ४ लाख ९० हजार घरं मोजली गेली. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला, वर्षामागून वर्ष पीक गेलं, सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगाने मेली आणि आणखी किमान तेवढीच देश सोडून गेली. १८५१ च्या जनगणनेत चौथ्या वर्गाची घरं उरली सुमारे १ लाख ३५ हजार. साडेतीन लाख घरं दहा वर्षांत नाहीशी झाली, ती लोकांची परिस्थिती सुधारली म्हणून नव्हे. क्लेअर हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक.

जतनाच्या कामात हे दुखणं कायमचं असतं. दगडी किल्ला पाचशे वर्षं टिकतो, श्रीमंत शेतकऱ्याचं घर दोनशे, आणि मातीची झोपडी माणसं गेल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत चिखलात मिसळते. म्हणून जगभरच्या संग्रहालयांत गरिबांची मूळ घरं जवळजवळ नसतात, आणि असतात ती नमुन्यावरून बांधलेली. बोहान स्कोर ‘मूळचं नाही’ म्हणून कुणी नाक मुरडलं तर मला खरोखर वाईट वाटतं. ते मूळचं असूच शकत नाही. ते बांधलं नसतं तर देशातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घरांची आठवण या गावात राहिलीच नसती. अस्सलपणाचा निकष सरसकट लावला की आपण नकळत फक्त श्रीमंतांचाच इतिहास जपतो.

गावाचा मुख्य रस्ता, पोस्ट, छापखाना, कापडाचं दुकान, डॉक्टरचं घर, शाळा, हे कुठल्याही एका खऱ्या गावाची प्रत नाही, तेव्हाच्या छोट्या बाजारपेठेचा एकत्र केलेला नमुना आहे. तो झरझर बघितला तरी चालेल, दोन जागा सोडून. एक गहाणवटीचं दुकान: सोमवारी रविवारचे चांगले कपडे गहाण टाकायचे आणि शनिवारी पगार झाला की सोडवायचे, असं कैक कुटुंबांचं आठवड्याचं चक्र होतं. दुसरी शाळा. १८३१ पासून सरकारने राष्ट्रीय शाळांची व्यवस्था सुरू केली आणि शिक्षण इंग्रजीतून होतं. घरी आयरिश बोलणाऱ्या मुलाला त्या बाकावर बसून काय वाटत असेल, हा प्रश्न तुमच्या मुलीला विचारून बघा.

घरांमध्ये त्या काळच्या वेशातली माणसं भेटतात. हंगामानुसार कमीजास्त असतात, जूनमध्ये चांगली वर्दळ असते. चुलीत टर्फ जळत असतं, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा, आणि एखादी बाई त्यावर पाव वगैरे भाजत असते. त्यांच्याशी बोलायला संकोचू नका. मात्र ‘हे काय आहे?’ यापेक्षा ‘हे तुम्ही कसं करता?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर मिळतं. दुसऱ्याला हात उत्तर देतात: रात्री विस्तव राखेखाली कसा झाकायचा म्हणजे सकाळी पुन्हा फुंकून पेटवता येतो, चुलीवरचा लोखंडी दांडा फिरवून भांडं जवळ-लांब कसं करायचं, दिवसा बाकडं असलेली पेटी रात्री उघडून तिचा पलंग कसा होतो, दाराची फक्त खालची फळी बंद ठेवून कोंबड्या बाहेर आणि रांगतं मूल आत कसं ठेवायचं. अशा चालत्याबोलत्या गावाचं खरं मोल या हातांत असतं. दगड आणि लाकूड आम्ही जपू शकतो, पण काम करण्याची पद्धत फक्त ती करत राहूनच टिकते.

व्यवहाराचं थोडं. सकाळी उघडताच आधी किल्ल्यात जा. जिने अरुंद आहेत, दोन माणसं शेजारून जेमतेम जातात, आणि उशिरा बसगाड्या आल्या की चढणारे-उतरणारे एकमेकांत अडकतात. शिवाय किल्ल्याचा शेवटचा प्रवेश गाव बंद होण्याच्या बराच आधी असतो, त्यामुळे दुपारवर टाकलात तर तो हुकू शकतो. आईवडिलांच्या गुडघ्यांचा प्रश्न असेल तर त्यांना वरच्या मनोऱ्यांपर्यंत नेण्याचा आग्रह धरू नका. पायऱ्यांची उंची असमान आहे आणि उतरणं चढण्यापेक्षा अवघड जातं. पहिल्या मोठ्या दालनापर्यंत जमलं तर उत्तम, नाहीतर त्यांनी सरळ गावात जाऊन चुलीपाशी बसावं. गावातले रस्ते बहुतेक सपाट आहेत. छत्रीऐवजी टोपीचं पावसाळी जाकीट न्या, खाडीवरचा वारा छत्री धरू देत नाही. त्याच दिवशी मोहरचे समुद्रकडे उरकायचा बेत असेल तर तो सोडा. नकाशावर जवळ दिसतं, पण जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो आणि दोन्ही जागा अर्धवट राहतात.

मेजवानी: ग्रेट हॉलमध्ये लांब टेबलांवर बसून, मेणबत्त्यांच्या उजेडात, सुरीने आणि हाताने जेवायचं, वीणेसारखं हार्प आणि समूहगान ऐकायचं. संध्याकाळी तिच्या दोन पाळ्या होतात. तिच्याकडे पंधराव्या शतकाचा पुरावा म्हणून बघू नका. ती १९६३ पासून चालत आलेली, कसलेल्या गायक-वादकांची संध्याकाळ आहे आणि त्या अर्थाने ती स्वतःच आता साठ वर्षं जुनी परंपरा झाली आहे. संगीत आवडत असेल तर घ्या. मुलगी नक्की रमेल. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच कळवा. दिवसभर फिरून थकलेल्या आईवडिलांसाठी उशिराची पाळी टाळा.

पण माझं मत विचाराल तर मेजवानीआधी एक वेगळी गोष्ट वेळापत्रकात बसवा. गाडी असेल तर बनरॅटीहून थोड्या अंतरावर क्विन नावाचं छोटं गाव आहे. तिथे फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष आहेत. मठ पंधराव्या शतकातला, त्याच मॅकनामारा घराण्याच्या आश्रयाने, आणि तो उभा आहे डी क्लेअरच्याच एका उद्ध्वस्त किल्ल्याच्या भिंतींवर. त्याच्या कोपऱ्यांच्या मनोऱ्यांचे बुंधे अजून दिसतात. इथे जीर्णोद्धार झालेला नाही, फक्त जपणूक: भिंती स्थिर केल्या, छप्पर घातलं नाही. आत जायच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, त्या आधी बघून घ्या. सकाळी बनरॅटीत छप्पर, सामान, विस्तव असलेला किल्ला आणि त्याच दिवशी त्याच घराण्याची, त्याच शतकाची उघडी वास्तू बघितलीत की १९५४ मध्ये लॉर्ड गॉर्ट यांच्यासमोर कोणता पर्याय होता हे मुलीलासुद्धा समजेल. दोघांपैकी कोणतं योग्य, यावर आमच्या क्षेत्रात अजून वाद आहेत. मला दोन्ही हवेत, आणि क्लेअरमध्ये ते अर्ध्या तासाच्या आत मिळतात. जूनमध्ये तिथे रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो, त्यामुळे उजेडाची घाई नसते, फक्त मठाच्या आत जायची वेळ सांभाळा.